ग्रंथालयातील आमचा महिना

दर महिन्याची एक तारीख आली की घराघरांत किराण्याची यादी निघते, दूधवाल्याचा हिशेब होतो आणि मुलांच्या फीचा विषय निघतो. आमच्या ग्रंथालयातही त्या दिवशी हिशेबच निघतो. फक्त तो पुस्तकांचा असतो. किती आली, किती गेली, किती परत आली, किती फाटली आणि किती सापडत नाहीत.

आम्ही म्हणजे एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातील पाच परिचर, तीन पुरुष आणि दोन बाया. कागदोपत्री आमचे पद ‘ग्रंथालय परिचर’ असे आहे. विद्यार्थी मात्र पुरुषांना ‘मामा’ आणि बायांना ‘मावशी’ म्हणतात. आमच्यापैकी तिघे आता निवृत्त झाले आहेत, दोघे अजून नोकरीत आहेत. हा मजकूर एकाने लिहिला आणि चौघांनी सांगितला, म्हणून ‘आम्ही’ असेच लिहितो.

लिहिण्याचे कारण असे की वस्तीतली माणसे आम्हाला नेहमी विचारतात, “लायब्ररीत काय काम असतं हो? पंख्याखाली बसायचं आणि पोरांना पुस्तकं काढून द्यायची. सुखाची नोकरी तुमची!” नोकरी सुखाची आहे हे खरे. पण काम काय असते, हे आमच्या घरच्यांनासुद्धा आम्ही कधी नीट सांगितले नव्हते. ते एकदा सांगावे. आणि त्या कामात एका वर्षी जे घडले, तेही सांगावे.

विद्यापीठाचे ग्रंथालय म्हणजे एकच इमारत नव्हे. मधोमध मोठे मध्यवर्ती ग्रंथालय असते. शिवाय रसायनशास्त्र, कायदा, गणित अशा काही विभागांची आपापली छोटी ग्रंथालये असतात. या सगळ्यांमध्ये पुस्तके फिरत राहतात. ती फिरवणारे आम्ही. आमच्याकडे एक तीनचाकी हातगाडी होती. उन्हाळ्यात तिची दांडी इतकी तापायची की हाताला फडके गुंडाळल्याशिवाय ती धरता येत नसे.

पहिल्या तारखेला मासिक अहवाल तयार होतो. दरवाजावरच्या वहीत किती जणांनी सह्या केल्या, देवघेव विभागातून किती पुस्तके गेली, उशिराचा दंड किती जमला, किती पुस्तके बांधणीला दिली, हे सगळे आकडे ग्रंथपालांच्या टेबलावर जातात. त्याच दिवशी महिन्याची कामाची पाळी लागते. कोणी देवघेवीला, कोणी नियतकालिकांना, कोणी संदर्भ विभागात, कोणी वाचनकक्षात आणि कोणी ग्रंथभांडारात. ग्रंथभांडार म्हणजे जिथे रांगांनी लोखंडी मांडण्या उभ्या असतात तो भाग. तिथली पाळी सर्वांत जड. दिवसभर शिडीवर चढउतार, आणि धुळीने नाक भरलेले.

पहिल्या आठवड्यात नवी पुस्तके येतात. गठ्ठा सोडला की बिलाशी पुस्तके ताडून पाहायची. मग प्रत्येकाला दाखल नोंदवहीत क्रमांक मिळतो. हा क्रमांक म्हणजे पुस्तकाचा जन्मदाखला. एकदा दिला की तो दुसऱ्या पुस्तकाला मिळत नाही. मग शिक्के. एक शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या शीर्षकाच्या पानावर, आणि एक आतल्या ठरलेल्या गुप्त पानावर. कोणी शीर्षकाचे पान फाडून पुस्तक आपले म्हणू लागला, तर ते गुप्त पान साक्ष देते. आमचे गुप्त पान कितवे, ते मात्र आम्ही येथे सांगणार नाही! त्यानंतर तारखेची चिठ्ठी डकवायची, आणि पाठीवर खालून दोन बोटे वर क्रमांकाचे लेबल लावायचे. लेबल सगळ्यांचे एका रेषेत आले पाहिजे, नाही तर शोधणाऱ्याची नजर अडखळते.

दुसरा आठवडा नियतकालिकांचा. टपालाच्या पिशवीतून मासिके आणि संशोधनाची जर्नल्स यायची. एखादा अंक आला नाही तर तसे पत्र पाठवावे लागे. वर्ष संपले की बारा अंक एकत्र करून बांधणीला द्यायचे.

तिसरा आठवडा दुरुस्तीचा. पुस्तकाला शत्रू फार. वाळवी आहे, कसर आहे, पावसाळ्यातली ओल आहे आणि जेवलेल्या हाताने पान उलटणारा वाचकही आहे. आमच्या जुन्या बांधणीकाराने आम्हाला खळ करायला शिकवली. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घातले की किडा लागत नाही. ओल आलेले पुस्तक कडक उन्हात ठेवायचे नाही, पाने वाकडी होतात. सावलीत, वाऱ्यावर, पाने सुटी करून उभे ठेवायचे. या गोष्टी कोणत्याही प्रशिक्षणात आम्हाला कोणी सांगितल्या नाहीत. हाताने हाताला दिल्या.

चौथ्या आठवड्यात स्मरणपत्रे जातात, दंडाची रोकड जुळवली जाते आणि मांडणी तपासणी होते. मांडणी तपासणी म्हणजे प्रत्येक रांगेतून बोट फिरवत प्रत्येक पुस्तक आपल्या क्रमांकाच्या जागी आहे की नाही ते पाहायचे. हे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे. चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक आणि हरवलेले पुस्तक यांत वाचकाच्या दृष्टीने काही फरक नसतो.

या नित्याच्या कामाशिवाय महिन्या-महिन्याची प्रदर्शने असतात. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, १४ ते २० नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह. १२ ऑगस्ट हा डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस, म्हणून तो ग्रंथपाल दिन. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. पुस्तके जपून ठेवण्यासाठी नसतात, वापरण्यासाठी असतात, हा विचार त्यांनी १९३१ साली आपल्या पाच नियमांत पहिल्या स्थानी ठेवला. दरवर्षी त्या दिवशी साहेब लोक भाषणात तो सांगतात. आम्ही मागे खुर्च्या लावत ऐकत असतो. त्या नियमाचा खरा अर्थ आम्हाला कळला तो भाषणातून नव्हे.

एप्रिलमधले प्रदर्शन मात्र आम्ही स्वतः मागून घेतो. बाबासाहेबांचे ग्रंथ मांडायचे असतात. पहिल्या वर्षी आम्हाला वाटले, एका रांगेतून काढू आणि टेबलावर ठेवू, अर्ध्या तासाचे काम. पण ते एका रांगेत नव्हतेच. रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ चा ग्रंथ अर्थशास्त्रात, चलनाच्या क्रमांकाखाली. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा १९२५ चा ग्रंथ त्याच्या पुढच्या मांडणीत, सार्वजनिक वित्ताखाली. जातीवरचे लेखन समाजशास्त्रात. संविधानाचे कायद्यात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वरच्या मजल्यावर, २९४.३ ला. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले लेखन आणि भाषणांचे खंड आणखी वेगळीकडे. एका माणसाची पुस्तके गोळा करायला आम्ही दोन मजले आणि पाच रांगा फिरलो. घाम पुसत टेबलाशी उभे राहिलो, तेव्हा आमच्यातला एकजण म्हणाला, “आपण एवढं चालून दमलो. त्यांनी हे सगळं वाचून लिहिलं कधी?”

आता त्या क्रमांकांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढची हकिकत त्यांच्यावरच आहे. मेल्विल ड्युई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली ही पद्धत काढली. सगळ्या ज्ञानाचे दहा भाग केले. २०० म्हणजे धर्म, ३०० म्हणजे समाजशास्त्रे, ५०० म्हणजे विज्ञान, ८०० म्हणजे साहित्य, ९०० म्हणजे इतिहास आणि भूगोल. प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्याचेही पुन्हा दहा. नंतर टिंब आणि पुढे आणखी आकडे. मराठी साहित्य सापडते ८९१.४६ ला.

नवीन परिचर येथेच फसतो. ३३१.१२५ आणि ३३१.२ यांत आधी कोणते ठेवायचे? तो म्हणतो, एकशेपंचवीस मोठे, म्हणून ते नंतर. ते चूक. आमच्या मावशींनी हे फार सोप्या रीतीने सांगितले. “पैसे समज,” त्या म्हणायच्या. “३३१.२ म्हणजे तीनशे एकतीस रुपये वीस पैसे. ३३१.१२५ म्हणजे तीनशे एकतीस रुपये साडेबारा पैसे. साडेबारा आधी का वीस आधी?” बाजारात हिशेब करणाऱ्या माणसाला हे लगेच कळते.

या मावशी चौथी शिकलेल्या. त्यांचे पती याच विद्यापीठात शिपाई होते. ते वारल्यावर मावशींना अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळाली. पदरात दोन मुली. शिक्षण कमी म्हणून आधी त्यांना झाडलोटीला ठेवले. पण त्यांची आकड्यांवरची नजर पाहून सहायक ग्रंथपालांनी त्यांना ग्रंथभांडारात घेतले. दुसऱ्या मजल्यावरची एकही मांडणी त्यांना अनोळखी नव्हती.

२००९ साली आमच्याकडे बारकोड लावायचे ठरले. त्याआधी कार्डांवर आणि तिकिटांवर देवघेव चाले. बारकोड डकवायचा म्हणजे प्रत्येक पुस्तक हातात आले पाहिजे. त्यामुळे आपोआपच पूर्ण पडताळणी झाली. यादी निघाली, आणि दुसऱ्या मजल्यावरची ४३ पुस्तके सापडत नाहीत असे ठरले. ती कोणाच्या नावावर दिलेली नव्हती आणि मांडणीवरही नव्हती.

मावशींच्या हाती मेमो आला. पुस्तके का आढळून येत नाहीत, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत करावा, अन्यथा वसुलीची कारवाई होईल. वसुली म्हणजे पगारातून कपात. मोठ्या मुलीचे बारावीचे वर्ष होते. त्या दिवशी मावशींनी डबा उघडला नाही. जिन्याच्या पायरीवर बसून त्या एवढेच म्हणाल्या, “मी रोज हात लावते पुस्तकांना. माझ्या हातून ती जातील कुठं?”

आम्ही त्या संध्याकाळी बसून विचार केला. नुसता “आम्ही चोर नाही” असा खुलासा लिहून काही होणार नव्हते. पुस्तके शोधायला हवी होती. ग्रंथालय उघडायच्या आधी दीड तास यायचे आणि दुसऱ्या मजल्यावरची प्रत्येक रांग बोटाने वाचायची, असे ठरले. हे महिन्याचे काम, ते आम्ही आठ दिवसांत करायला घेतले. सहायक ग्रंथपालांनी किल्ली दिली. आम्ही दोघे-दोघे वाटून घेतले. एकाने क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने यादी पाहायची. पाचवा बांधणीची वही आणि विभागांना दिलेल्या पुस्तकांच्या पावत्या चाळायचा.

पुस्तके मिळू लागली. १९ पुस्तके चुकीच्या जागी होती. बहुतेक त्याच टिंबाच्या चुकीने, आणि काही ३१३ चे ३३१ वाचल्यामुळे. सहा पुस्तके बांधणीकाराकडे पडून होती, वहीत नोंद नव्हती. चार एका विभागाच्या कपाटात होती. ती ज्यांनी नेली ते प्राध्यापक केव्हाच निवृत्त झाले होते.

आणि नऊ पुस्तके एकाच ठिकाणी सापडली. अर्थशास्त्राच्या रांगेत, अगदी खालच्या फळीवर, पुढच्या पुस्तकांच्या मागे, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून आडवी ठेवलेली. सगळी एम.ए.ची. त्यातल्या एकात खूण म्हणून एका कारखान्याचा गेटपास होता.

तो गेटपास कोणाचा, हे आम्हाला विचारावे लागले नाही. रोज संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास एमआयडीसीतून एक मुलगा यायचा, निळ्या गणवेशातच. ग्रंथभांडार आठला बंद होईपर्यंत तो तिथेच जमिनीवर बसून वाचायचा. बहिःस्थ विद्यार्थी होता. बहिःस्थांना बसून वाचता येई, घरी पुस्तक नेता येत नसे.

आता आमच्यात दोन मते झाली. एक म्हणाला, नाव कळवायचे. मावशी सुटतील, आणि ज्याने केले त्याला कळेल. दुसरा म्हणाला, नाव कळवले तर त्याचा प्रवेशच बंद करतील, मग तो पुस्तक कुठे वाचेल? पहिला म्हणाला, “आणि ती वसतिगृहातली मुलगी? तिला आठवतं का?” आम्हाला आठवले. एम.ए.ची एक मुलगी त्याच नऊपैकी एका पुस्तकासाठी तीनदा आली होती. तिन्ही वेळा आम्ही “नाही, हरवलं असेल” असे सांगून तिला परत पाठवले होते. तीही कोणा मोठ्या घरची नव्हती. पायात स्लिपर घालून यायची. तेव्हा तो मुलगा गरीब म्हणून त्याची बाजू घ्यावी, तर त्याने दुसऱ्या गरिबाचेच पुस्तक अडवले होते. हा वाद आम्ही दोन दिवस घातला. तो आमच्यात अजूनही पूर्ण मिटलेला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशींनीच त्याला गाठले. गेटपास त्याच्या हातात दिला. तो उभा होता तो खालीच बसला.

“मावशी, माझी ड्युटी सहाला सुटते. मी येईपर्यंत पुस्तकं गेलेली असतात. मला घरी नेता येत नाही. घरी नेऊन तरी काय, एका खोलीत सहा माणसं. म्हणून ठेवली मागं. चोरली नाहीत, मावशी. एकही बाहेर नेलं नाही.”

“बाहेर नेलं नाहीस, खरं आहे,” मावशी म्हणाल्या. “पण तुझ्या लपवण्यानं मला मेमो निघाला रे बाळा. आणि एक पोरगी तीनदा हात हलवत गेली.”

त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. तो म्हणाला, “मी उद्या रजा टाकून साहेबांकडे येतो आणि सगळं सांगतो.”

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मेमोत विचारलंय, पुस्तकं कुठं आहेत. कुणी ठेवली, हे विचारलेलं नाही. विचारलंय तेवढ्याचं उत्तर मी देईन. पण पुन्हा असं करशील तर मीच नाव घेऊन जाईन.”

ज्यांना मेमो आला होता त्यांनीच असे म्हटल्यावर आम्ही बाकीचे काय बोलणार?

राहिली पाच पुस्तके. ती सापडलीच नाहीत. येथे सहायक ग्रंथपालांनी एक गोष्ट सांगितली, जी आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. केंद्र सरकारच्या २००५ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी तरतूद आहे. वर्षभरात दिलेल्या किंवा वाचायला काढलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाचपर्यंत पुस्तके हरवली, तर तेवढे नुकसान वाजवी समजावे, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. एक हजार रुपयांपेक्षा महाग आणि दुर्मीळ पुस्तकांची मात्र चौकशी व्हावी. २०१७ च्या नव्या नियमांतही ही तरतूद आहे. राज्याच्या विद्यापीठाला तो नियम जसाच्या तसा बंधनकारक नसला तरी प्रमाण म्हणून तो दाखवता येतो. आम्ही इतकी वर्षे ग्रंथालयात होतो, पण आमचे रक्षण करणारा नियम त्याच इमारतीत, एका पुस्तकात आहे, हे आम्हाला माहीत नव्हते. ते पुस्तक आम्ही कितीदा तरी पुसून जागेवर ठेवले असेल.

खुलासा आम्ही बसून लिहिला. कोणती पुस्तके कुठे सापडली याचा तक्ता जोडला. पाच सापडली नाहीत, ती महाग किंवा दुर्मीळ नाहीत आणि नियमाची मर्यादा ओलांडत नाहीत, असे नमूद केले. शेवटी मावशींनी आपल्या हाताने एक वाक्य घातले. वाचकाला पुस्तक हवे असते त्या वेळी आपली खिडकी बंद असते, म्हणून पुस्तके मागे ठेवली जातात, असे त्याचे म्हणणे होते. अक्षर वेडेवाकडे होते. खाली सही केली.

मेमो दप्तरी दाखल झाला. पगार कापला गेला नाही. पण खरी गोष्ट त्यानंतर झाली. ग्रंथपालांनी ते शेवटचे वाक्य वाचून मावशींना बोलावले आणि विचारले, “मग काय करावं म्हणता?” इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता.

आम्ही सांगितले ते असे. ज्या पुस्तकांना फार मागणी आहे त्यांची एक प्रत वेगळ्या राखीव मांडणीवर ठेवावी. दिवसा ती कोणालाही घरी देऊ नये, तिथेच बसून वाचावी. रात्री आठला ग्रंथभांडार बंद होताना ती एका रात्रीसाठी घरी द्यावी, आणि सकाळी नऊच्या आत परत घ्यावी. बहिःस्थ विद्यार्थ्यालाही ओळखपत्र ठेवून द्यावी. तीन महिने प्रयोग म्हणून मंजुरी मिळाली. पहिल्या महिन्यात एक पुस्तक दोन दिवस उशिरा आले. हरवले एकही नाही. तीन महिन्यांनंतर ती पद्धत कायम झाली. वसतिगृहातली मुलगी आणि तो कामगार मुलगा, दोघांची नावे त्या वहीत एकाखाली एक असत. कधी तिच्याकडून पुस्तक सुटले की त्याला मिळे.

पुढच्या एक तारखेच्या मासिक अहवालात एक नवा रकाना आला, ‘रात्रीची देवघेव’. तो रकाना आमचा आहे असे आम्ही अजून मानतो.

या प्रकरणाने आम्हाला आमचीही लाज वाटली, ती सांगितली पाहिजे. वीस-वीस वर्षे आम्ही पुस्तके उचलली, पुसली, ठेवली. त्यांचे क्रमांक आम्हाला पाठ होते. आत काय आहे, ते मात्र आम्ही उघडून पाहिले नव्हते. आणि आमच्या मुलांना आम्ही त्या वाचनकक्षात कधी आणून बसवले नव्हते. साहेबांच्या मुलांची जागा आहे, असे आमचेच मन म्हणत असे. कोणी मनाई केली नव्हती.

मग मावशींनी आधी आपल्या मुलींना आणले. परवानगीचा अर्ज दिला, तो मंजूर झाला. दुपारच्या सुट्टीत त्या स्वतः धाकटीच्या मराठीच्या पुस्तकातले धडे वाचू लागल्या, आधी बोट ठेवून, मग बोटाशिवाय. आम्हीही आपापली मुले आणली. सगळीच काही वाचू लागली नाहीत. एकाचा मुलगा चार दिवस आला आणि पाचव्या दिवशी बॅट घेऊन मैदानावर गेला. पण तिघांची मुले टिकली. मावशींची मोठी मुलगी त्या वर्षी बारावी पास झाली आणि पुढे पदवीधरही झाली.

आता ग्रंथालय बदलले आहे. पुस्तक कुठे आहे, ते मुले फोनवर पाहतात. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संगणकीय भांडारात जातात. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले. जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेतून हजारो संशोधन पत्रिका सरकारी विद्यापीठांना संगणकावर वाचता येतात. टपालाची पिशवी हलकी झाली. निवृत्त झालेल्यांच्या जागा सहसा भरल्या जात नाहीत, कंत्राटावर मुले येतात आणि वर्षभरात जातात. त्यांना टिंबाचा हिशेब शिकवायला कोणाला सवड नसते. त्यामुळे पुस्तक संगणकात ‘उपलब्ध’ दिसते आणि मांडणीवर सापडत नाही. बोटाने रांग वाचणारा माणूस लागतोच.

आणि वाचनकक्ष मात्र भरलेला असतो. पाण्याची बाटली, डबा आणि वह्यांची पिशवी घेऊन सकाळी दार उघडायच्या आधी मुले-मुली रांगेत उभी असतात. बहुतेकांच्या घरी बसायला जागा नसते. त्यांना पुस्तकाइतकीच खुर्ची हवी असते.

म्हणून या पानाच्या वाचकांना आमचे सांगणे आहे. विद्यापीठ लांब असेल, तर गावातले सार्वजनिक वाचनालय पाहा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीच झाला आणि त्याखाली गावोगावच्या वाचनालयांना शासनाचे अनुदान मिळते. ते तुमच्याही पैशातून चालते. तिथे जाताना संकोच कशाला? रविवारी मुलाचा हात धरून एकदा जा. स्वतःला वाचता येत नसेल तरी जा. आत गेल्यावर पुस्तक कसे शोधायचे ते कळले नाही, तर तिथल्या मामांना किंवा मावशींना विचारा. आम्हाला विचारलेले आवडते.

पुस्तक घरी आणले तर पानाचा कोपरा दुमडू नका, खूण म्हणून बसचे तिकीट ठेवा. तारखेला परत करा. आणि आपल्या मुलाला पुस्तक मिळावे म्हणून दुसऱ्याच्या मुलापासून ते लपवू नका. अडचण असेल तर ती लिहून द्या. आमच्या मावशींनी वेड्यावाकड्या अक्षरात एक वाक्य लिहिले, म्हणून एक खिडकी रात्री उघडली.

मावशी निवृत्त झाल्या त्या दिवशी महिन्याची शेवटची तारीख होती. सत्कार झाला, नारळ दिला, भाषणे झाली. त्या घरी जायच्या आधी दुसऱ्या मजल्यावर गेल्या. आम्हाला वाटले, डोळे भरून आले असतील. वर जाऊन पाहतो तो त्या अर्थशास्त्राच्या रांगेत वाकून खालच्या फळीच्या मागे हात घालून पाहत होत्या.

“काही नाही,” त्या हात झटकत म्हणाल्या. “रिकामं आहे. चला.”